जावात मजकूर फाइल वाचताना मराठी अक्षरे बिघडतात, पहिला आकडा नाकारला जातो आणि ओळी गळतात

प्रश्न | नवशिकी

मी संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात असून जावा शिकत आहे. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांची यादी तेथील संगणकावर नोटपॅडमध्ये टंकून ठेवलेली आहे. ती वाचून लेखकाच्या नावाने शोध घेता येईल असा लहानसा प्रोग्राम मी लिहीत आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत पुस्तकांची एकूण संख्या आहे आणि पुढच्या प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक व किंमत अशी माहिती स्वल्पविराम देऊन लिहिलेली आहे. क्लास आणि मेथड यांची नावे मी येथे देवनागरीत लिहिते आहे. कोडमध्ये ती अर्थातच रोमन आहेत.

वाचनालयाच्या संगणकावर विंडोज आणि जावा ८ आहे. तेथे एक्लिप्समध्ये फाइलरीडर घेऊन, त्याच्यावर बफर्डरीडर बसवून ओळी छापल्या, तर मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हांची रांग येते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यामागे चारही बाजूंना काड्या फुटलेले छोटे वर्तुळ, मध्येच जपानी येनचे चिन्ह आणि अधूनमधून प्रश्नचिन्ह. पहिल्या ओळीतील ४१२ हा इंग्रजी अंकांत लिहिलेला आकडा तेवढा ओळखू येतो, पण त्याच्याही आधी तीन अनोळखी चिन्हे दिसतात.

तीच फाइल आणि तोच प्रोग्राम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जावा २१ वर चालवला, तर मराठी अक्षरे अगदी स्वच्छ दिसतात. मात्र पहिल्या ओळीवर इंटिजर.पार्सइंट चालवले की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येते. त्या एक्सेप्शनच्या संदेशात नुसते ४१२ छापलेले आहे, आजूबाजूला रिकामी जागाही दिसत नाही, आणि आधी ट्रिम करूनही काही फरक पडत नाही.

याखेरीज, छापताना एक आड एक ओळ गळते. लूपच्या अटीत मी ‘रीडलाइन नल नाही’ हे तपासते आणि लूपच्या आत रीडलाइनने मिळालेली ओळ छापते. शेवटची गोष्ट अशी की इंग्रजी पुस्तकांची यादी वेगळ्या फाइलमध्ये आहे. ती स्कॅनरला फाइल ऑब्जेक्ट देऊन वाचली तर वाचन मध्येच कोठेतरी थांबते, आणि तरीही एकही एक्सेप्शन येत नाही. प्रोग्राम जणू सगळी फाइल संपली अशा थाटात पुढे जातो.

पाठ्यपुस्तकात फाइलरीडर शिकवला आहे, प्रयोगवहीत स्कॅनर आहे, आणि इंटरनेटवर पाहावे तर प्रत्येक जण फाइल्स.रीडऑललाइन्स वापरा असे सांगतो. यांपैकी नेमके काय शिकावे आणि माझ्या या अडचणी कशामुळे येत आहेत, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर | कौलारू

ओळी गळण्याचा भाग सोडला तर तुमच्या बाकीच्या सर्व अडचणींचे मूळ एकच आहे, आणि कोणता क्लास वापरला याच्याशी त्याचा फारच थोडा संबंध आहे. डिस्कवरील फाइलमध्ये अक्षरे नसतात, शून्य ते २५५ या दरम्यानच्या संख्या असतात, ज्यांना आपण बाइट म्हणतो. कोणत्या बाइटवरून कोणते अक्षर समजायचे हे एन्कोडिंग ठरवते. फाइल लिहिणाऱ्याने एक एन्कोडिंग धरले आणि वाचणाऱ्याने दुसरे धरले, की तुम्हाला दिसला तसा मजकूर दिसतो.

सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. हे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा अनुस्वार, तीन बाइट घेते. त्यातला पहिला बाइट नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५ यांपैकी एक असतो. ‘क’ फाइलमध्ये २२४, १६४, १४९ असा लिहिला जातो. आता हेच बाइट पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या विंडोज-१२५२ या एन्कोडिंगने वाचले, तर २२४ म्हणजे तिरकी रेघवाला ‘ए’, १६४ म्हणजे काड्या फुटलेले वर्तुळ आणि १६५ म्हणजे येनचे चिन्ह. तुम्ही वर्णन केलेली रांग तंतोतंत हीच आहे, त्यामुळे निदानाबाबत शंका राहत नाही: फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि वाचनालयातील जावा ती विंडोज-१२५२ समजून वाचत आहे.

असे का होते, तर जावा १७ पर्यंत फाइलरीडरला एन्कोडिंग सांगितले नाही तर तो त्या संगणकाचे नेहमीचे एन्कोडिंग धरत असे, आणि इंग्रजी विंडोजवर ते सहसा विंडोज-१२५२ असते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून हा नियम बदलला. आता संगणक कोणताही असो, न सांगितल्यास यूटीएफ-८ धरले जाते. प्रयोगशाळेत जावा २१ असल्यामुळे तेथे तुमची अक्षरे आपोआप नीट दिसली. याचा अर्थ तेथील कोड बरोबर होता असा मात्र नाही. दोन्ही ठिकाणी कोडने एन्कोडिंग सांगितलेच नव्हते, एका ठिकाणी अंदाज जुळला इतकेच.

अधूनमधून येणाऱ्या प्रश्नचिन्हांकडे विशेष लक्ष द्या, कारण तेथे मजकूर केवळ वेडावाकडा दिसत नाही, तो कायमचा नष्ट होतो. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटना कोणतेही अक्षर नेमून दिलेले नाही. आपल्या दुर्दैवाने पाय मोडण्याच्या चिन्हाचा तिसरा बाइट १४१ आहे, पहिल्या उकाराचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. असा बाइट दिसला की जावा त्याच्या जागी ६५५३३ क्रमांकाचे ‘अक्षर कळले नाही’ हे चिन्ह ठेवते, आणि छापताना त्याचेच प्रश्नचिन्ह होते. म्हणजे चुकीच्या एन्कोडिंगने वाचलेला मजकूर पुन्हा फाइलमध्ये लिहिला, तर सगळी जोडाक्षरे आणि ऱ्हस्व उकार गेलेच म्हणून समजा. नंतर कितीही उलटसुलट रूपांतर केले तरी त्या जागी काय होते ते कळणार नाही. तेव्हा वाचनालयातील प्रोग्रामने मूळ यादीवर काहीही लिहू नये, आणि प्रयोग करण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी.

पहिल्या ओळीच्या आकड्याचे कोडेही यातूनच सुटते. जुन्या नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडून फाइल साठवली की तो मजकुराच्या आधी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट स्वतःहून लिहीत असे. यांना बीओएम म्हणतात. ही फाइल यूटीएफ-८ आहे अशी ती खूण असते. जावा ८ ने त्या तीन बाइटची तीन वेगळी चिन्हे करून दाखवली. जावा २१ ने ते बरोबर वाचले आणि त्यातून ६५२७९ क्रमांकाचे एक अदृश्य अक्षर तयार केले. हे अक्षर जावा काढून टाकत नाही, ते पहिल्या ओळीचा भाग म्हणून तुमच्या हाती देते. ते पडद्यावर दिसत नाही, म्हणून संदेशात नुसते ४१२ दिसते. ट्रिम केवळ ३२ पर्यंतचे क्रमांक कापते आणि जावा ११ मधील स्ट्रिपच्या लेखी हे अक्षर म्हणजे रिकामी जागा नव्हे, त्यामुळे दोन्हींचा येथे उपयोग नाही. उपाय अगदी साधा आहे: पहिली ओळ वाचल्यावर तिचे पहिले अक्षर ६५२७९ आहे का ते तपासावे आणि असल्यास सबस्ट्रिंग(१) घेऊन पुढे जावे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच बीओएमशिवाय साठवतो आणि बीओएम हवा असल्यास वेगळा पर्याय देतो, पण जुन्या फाइली तशाच राहतात. म्हणून ही तपासणी प्रोग्राममध्ये कायमची ठेवलेली बरी.

एवढे वाचून झाल्यावर एक चाचणी अवश्य करा. फाइलची दुसरी ओळ वाचा आणि ती छापण्याऐवजी तिच्यातील प्रत्येक कॅरेक्टर इंटमध्ये बदलून त्याची संख्या छापा. मराठी शब्दांच्या जागी २३०४ ते २४३१ मधील संख्या आल्या तर वाचन बरोबर झाले आहे, आणि तरीही पडद्यावर अक्षरे बिघडत असतील तर दोष छापण्यात, म्हणजे कन्सोलच्या एन्कोडिंगमध्ये आहे. पुनःपुन्हा २२४ आणि १६४ आले तर वाचनाचे एन्कोडिंग चुकले आहे. ६५५३३ आले तर काही बाइट जावाला कळलेले नाहीत. आणि मराठी शब्दांच्या जागी नुसते ६३, ६३, ६३ आले तर ती खरीच प्रश्नचिन्हे आहेत. कोणीतरी ती फाइल ‘एएनएसआय’ (विंडोजचे जुने एन्कोडिंग) म्हणून साठवताना मराठी मजकूर गमावला आहे, आणि तो जावातच काय, कशातच परत मिळणार नाही. ही चाचणी सुरुवातीलाच केली तर क्लास बदलून बदलून पाहण्यात जाणारा पुष्कळसा वेळ वाचतो.

जावा ८ वर चालेल असा मार्ग म्हणजे फाइल्स.न्यूबफर्डरीडर या मेथडला पाथ्स.गेटने मिळालेला पाथ आणि स्टँडर्डचारसेट्समधील यूटीएफ-८ हा स्थिरांक द्यावा. फाइलरीडरला एन्कोडिंग देण्याची सोय जावा ११ मध्ये आली, त्यामुळे वाचनालयाच्या संगणकावर तुम्हाला ती मिळणार नाही.

उत्तर | सरळरेघ

कौलारू यांनी एन्कोडिंगचा भाग पूर्ण सांगितला आहे, म्हणून मी गळणाऱ्या ओळींपासून सुरुवात करतो. रीडलाइन ही मेथड ‘सध्याची ओळ दाखव’ असे सांगत नाही. प्रत्येक वेळी बोलावल्यावर ती पुढची ओळ काढून देते आणि पुढे सरकते. तुमच्या कोडमध्ये अटीत बोलावलेली रीडलाइन पहिली ओळ घेते, ती नल नाही एवढे पाहून टाकून देते, आणि आतली रीडलाइन दुसरी ओळ घेऊन छापते. म्हणून विषम क्रमांकाच्या ओळी जातात आणि सम क्रमांकाच्या राहतात. फाइलमधील एकूण ओळी विषम असतील तर शेवटच्या फेरीत आतली रीडलाइन नल देईल आणि तुमच्या पडद्यावर ‘नल’ हा शब्दही छापला जाईल. उपाय असा की लूपच्या अटीतच मिळालेली ओळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवावी, ते व्हेरिएबल नल आहे का हे तेथेच तपासावे, आणि आत तेच व्हेरिएबल वापरावे. अटीत मूल्य ठेवताना त्याभोवती कंस द्यायला विसरू नये, नाहीतर तुलना आधी होते आणि कंपाइलर तक्रार करतो.

काही जण नलऐवजी रेडी ही मेथड अटीत वापरतात. तसे करू नये. ‘आत्ता न थांबता वाचता येईल का’ एवढेच ती सांगते. फाइल संपली की नाही हे सांगण्याची जबाबदारी तिची नाही.

आता इतक्या पद्धती का आहेत याविषयी. १९९६ च्या पहिल्या जावामध्ये डेटाइनपुटस्ट्रीममध्ये एक रीडलाइन होती, पण ती बाइटचे अक्षरांत रूपांतर नीट करत नसे. १९९७ मध्ये जावा १.१ आले तेव्हा अक्षरांसाठी रीडर नावाचे वेगळे घराणे तयार केले गेले. बफर्डरीडर, इनपुटस्ट्रीमरीडर आणि फाइलरीडर हे त्या घराण्यातले आहेत, आणि ती जुनी रीडलाइन तेव्हापासून वापरू नये अशा यादीत गेली. २००४ मध्ये जावा ५ बरोबर स्कॅनर आला. २०११ मध्ये जावा ७ ने फाइल्स आणि पाथ दिले, तसेच ट्रायच्या कंसातच फाइल उघडण्याची सोय दिली. २०१४ च्या जावा ८ मध्ये फाइल्स.लाइन्स आली, आणि २०१८ च्या जावा ११ मध्ये सबंध फाइल एका स्ट्रिंगमध्ये देणारी फाइल्स.रीडस्ट्रिंग आली. जुने सहसा काढायचे नाही हे जावाचे धोरण असल्यामुळे प्रत्येक पिढीचे क्लास शिल्लक राहिले आणि पाठ्यपुस्तके आपापल्या पिढीचे शिकवत राहिली.

स्कॅनरविषयी माझे मत थोडे कडक आहे. तो कीबोर्डवरून आकडे घेण्यासाठी सोयीचा आहे, पण फाइल वाचायला शिकणाऱ्याच्या हाती तो देऊ नये असे मला वाटते. तुमची इंग्रजी यादी मध्येच संपते याचे कारण त्याच्या एका सवयीत आहे: वाचताना आयओएक्सेप्शन आली तर स्कॅनर ती बाहेर फेकत नाही, स्वतःजवळ ठेवतो आणि हॅजनेक्स्टलाइनला ‘आता काही उरले नाही’ असे उत्तर देतो. त्याला फाइल ऑब्जेक्ट थेट दिले असेल आणि फाइलमध्ये ठरलेल्या एन्कोडिंगमध्ये न बसणारा बाइट आला, तर नेमके असेच घडते. वाचन तुकड्यातुकड्यांनी होत असल्यामुळे तो ज्या ओळीवर थांबतो तिच्यातच दोष असेल असेही नाही. खरा बाइट आणखी काही ओळी पुढे असू शकतो. लूप संपल्यावर स्कॅनरच्या आयओएक्सेप्शन याच नावाच्या मेथडला विचारा. नलखेरीज दुसरे काही मिळाले तर फाइल अर्धवट वाचली गेली आहे.

याउलट फाइल्समधील मेथड अशा बाइटवर सरळ मालफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन फेकतात. नवख्याला ते कटकटीचे वाटते, पण यादीतली अर्धी पुस्तके गुपचूप गायब होण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला चांगला. फाइलरीडर या दोहोंच्या मधला आहे: तो थांबत नाही, ६५५३३ क्रमांकाचे चिन्ह ठेवून पुढे जातो.

तेव्हा माझी शिफारस अशी. चारशे-बाराशे ओळींच्या यादीसाठी फाइल्स.रीडऑललाइन्स पुरेशी आहे. ती सर्व ओळींची लिस्ट देते आणि फाइल स्वतःच बंद करते. जावा ८ पासून तिला एन्कोडिंग सांगितले नाही तरी ती यूटीएफ-८ धरते, मग संगणक कोणताही असो. तरी ते लिहावे, म्हणजे कोड वाचणाऱ्याला कळते. मात्र ती सगळी फाइल मेमरीत आणते, म्हणून मोठ्या फाइलींसाठी न्यूबफर्डरीडर आणि वर सांगितलेला लूप शिकणे आवश्यक आहे. बफर्डरीडर वापराल तेव्हा तो ट्रायच्या कंसात उघडा, म्हणजे मध्ये एक्सेप्शन आली तरी फाइल बंद होईल. फाइल उघडीच राहिली तर विंडोजवर तिचे नाव बदलणे किंवा ती पुसणे अडू शकते, आणि कारण चटकन लक्षात येत नाही. फाइल्स.लाइन्सलाही हाच नियम लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

फाइल सापडत नाही अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, तरी ती कधीतरी येईलच, म्हणून थोडक्यात सांगतो. नुसते फाइलचे नाव दिले तर जावा ते प्रोग्राम जेथून सुरू झाला त्या फोल्डरमध्ये शोधते, आणि एक्लिप्समध्ये तो सामान्यतः प्रोजेक्टचा मुख्य फोल्डर असतो, जावा फाइलीचा नव्हे. पाथवर टूअॅब्सोल्यूटपाथ बोलावून ते छापले की जावा नेमके कोठे पाहत आहे ते दिसते. पूर्ण पत्ता लिहिणार असाल तर उलट्या तिरप्या रेघा दोनदा लिहाव्या लागतात, किंवा सरळ पुढे झुकलेली रेघ वापरावी. विंडोजवरही ती चालते.

प्रतिसाद | नवशिकी

दोघांचेही मनापासून आभार. संख्या छापून पाहिल्या. वाचनालयाच्या संगणकावर २२४ आणि १६४ यांची माळ आली. न्यूबफर्डरीडरला यूटीएफ-८ दिल्यावर २३०० आणि २४०० च्या घरातल्या संख्या आल्या आणि मजकूर बरोबर वाचला जाऊ लागला. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला खरोखरच ६५२७९ निघाले. लूपही दुरुस्त झाला.

इंग्रजी यादीच्या बाबतीत स्कॅनरला विचारल्यावर मालफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन मिळाली. मग त्या फाइलचे एन्कोडिंग कोणते असेल आणि ते ओळखायचे कसे? शिवाय आता स्प्लिट वापरताना दोन अडचणी येत आहेत. किंमत रिकामी असलेल्या ओळींवर अॅरेइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन येते, जरी ओळीच्या शेवटी स्वल्पविराम असला तरी. आणि काही ओळींत दाखल क्रमांक व किंमत देवनागरी अंकांत लिहिली आहे. त्यांतील दाखल क्रमांक इंटिजर.पार्सइंटने कसा काय वाचला जातो आणि किंमत मात्र डबल.पार्सडबलने का वाचली जात नाही, हे कळत नाही.

उत्तर | दशमान

इंग्रजी यादीत दोष देणारा बाइट बहुधा १४६ असेल. वर्ड प्रोसेसरमधून मजकूर चिकटवला की षष्ठीच्या साध्या चिन्हाच्या (अपॉस्ट्रॉफीच्या) जागी बाकदार चिन्ह येते, आणि फाइल ‘एएनएसआय’ म्हणून साठवली असेल तर विंडोज-१२५२ मध्ये त्याचा बाइट १४६ असतो. लांब आडव्या रेघांचे बाइट १५० आणि १५१ आहेत. यूटीएफ-८ मध्ये हे बाइट एकटे कधीच येऊ शकत नाहीत, म्हणून जावा अडते. तुम्ही ती फाइल चारसेट.फॉरनेमला विंडोज-१२५२ हे नाव देऊन वाचा आणि त्या चिन्हांच्या जागी काय येते ते डोळ्यांनी पाहा. कोणत्याही फाइलचे एन्कोडिंग खात्रीने सांगणारी युक्ती नाही, कारण विंडोज-१२५२ जवळजवळ कोणताही बाइट निमूटपणे स्वीकारते. उलट यूटीएफ-८ चे नियम इतके काटेकोर आहेत की मराठीची मोठी फाइल यूटीएफ-८ म्हणून एकही तक्रार न होता वाचली गेली, तर ती यूटीएफ-८च आहे असे धरायला हरकत नाही. योग्य रीतीने वाचून झाले की ती यादी यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवून टाका. दोन फाइलींना दोन एन्कोडिंग ठेवणे म्हणजे पुढच्या मदतनिसाला अडचणीत टाकणे आहे.

स्प्लिट शेवटच्या रिकाम्या तुकड्यांना वगळते, हा तिचा लिहून ठेवलेला नियम आहे. किंमत रिकामी असलेल्या ओळीचे तीनच तुकडे होतात आणि तुम्ही चौथा मागता. स्वल्पविरामानंतर दुसरे आर्ग्युमेंट म्हणून उणे एक द्या, म्हणजे रिकामे तुकडेही मिळतील. पण खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. पुस्तकाच्या नावातच स्वल्पविराम असला तर ओळीचे पाच तुकडे होतील आणि नावाचा उरलेला भाग लेखकाच्या रकान्यात जाईल. चारशे ओळी हाताने तपासता येण्यासारख्या आहेत. तेव्हा तुकड्यांची संख्या चार नसलेल्या सर्व ओळी त्यांच्या क्रमांकासह आधी छापून घ्या. त्यानंतर रकाने टॅबने वेगळे करावेत असे मी सुचवेन, कारण पुस्तकाच्या नावात टॅब सहसा नसतो. उभी रेघ निवडलीत तर लक्षात ठेवा की स्प्लिटला मिळणारे चिन्ह रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा नमुना, म्हणून वाचले जाते आणि त्यात उभ्या रेघेला ‘किंवा’ असा अर्थ आहे. तशीच दिली तर ओळीचे एकेक अक्षर सुटे होऊन येते. तिच्या आधी उलट्या तिरप्या रेघा द्याव्या लागतात किंवा पॅटर्न.कोट वापरावे लागते.

देवनागरी अंकांबद्दल तुमचे निरीक्षण बरोबर आहे. इंटिजर.पार्सइंट प्रत्येक अक्षराला कॅरेक्टर.डिजिट या मेथडकरवी ‘तू कोणता अंक आहेस’ असे विचारते, आणि ती मेथड युनिकोडमधील सर्व लिप्यांचे दशमान अंक ओळखते. देवनागरी अंकांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत, त्यामुळे ‘४१२’ देवनागरीत लिहिले तरी बिनतक्रार वाचले जाते. डबल.पार्सडबलचे व्याकरण वेगळे लिहिले आहे आणि ते फक्त इंग्रजी अंक मान्य करते. येथे डबल सोडून बिगडेसिमल वापरा. त्याचा स्ट्रिंग घेणारा कन्स्ट्रक्टर देवनागरी अंक वाचतो, मधला बिंदू तेवढा नेहमीचा पूर्णविराम हवा. शिवाय रुपये-पैशांसाठी बिगडेसिमलच योग्य आहे, कारण डबलमध्ये दहा पैसे, वीस पैसे अशा रकमा अचूक बसत नाहीत आणि बेरजेत शेवटच्या स्थानी कचरा दिसू लागतो. किंमत रिकामी असेल तर कन्स्ट्रक्टरला रिकामी स्ट्रिंग न देता ती ओळ वेगळी हाताळा.

लेखकाच्या नावाने शोध घेणार आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘दुसऱ्या’ किंवा ‘पाखऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ‘र’ वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या क्रमांकांनी लिहिला जातो. कोठे २३५३ हा स्वतंत्र ‘ऱ’ असतो, कोठे साधा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन क्रमांक असतात, तर कोठे साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ८२०५ हे अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात आणि इक्वल्सच्या लेखी तिन्ही वेगळे असतात. पहिले दोन प्रकार नॉर्मलायझर या क्लासला एनएफसी हे युनिकोडचे प्रमाण जोडरूप मागितले की एक होतात. तिसरा मात्र तसा होत नाही. त्यासाठी फाइल वाचतानाच ‘र’, पाय मोडका आणि ८२०५ ही जोडी शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि पाय मोडका ठेवावा लागतो. शोधाचा शब्द आणि यादीतील नाव या दोन्हींवर हीच प्रक्रिया करावी.

उत्तर | पाटीपुस्तक

वर एक शक्यता राहून गेली आहे, जी वाचनालयांच्या आणि छापखान्यांच्या जुन्या फाइलींत हमखास भेटते. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर फाइलमध्ये मराठी अक्षरांच्या रूपात नसतोच. तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. अशी फाइल जावाने कोणत्याही एन्कोडिंगने वाचली तरी कौलारू यांच्या चाचणीत २३०४ ते २४३१ मधील एकही संख्या येणार नाही. बहुतेक संख्या २५६ च्या आतल्या असतील, मात्र २२४-१६४ ही ठरावीक जोडी पुनःपुन्हा दिसणार नाही.

नवशिकी यांची सध्याची यादी तशी नाही, पण वाचनालयात त्याआधीच्या काळातील याद्या असतील तर त्या जावात आणण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतील. त्यासाठी त्या त्या फाँटचे रूपांतरक मिळतात. रूपांतर झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द आधी तपासावेत, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जात असे, तर युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा आहे, आणि रूपांतरक चुकला तर सहसा याच ठिकाणी चुकतो.